अर्ध्या गोळीचा हिशोब

पहिल्या भेटीत आम्ही प्रश्न कमी विचारतो, पिशवी मागतो. घरातल्या सगळ्या गोळ्या, चालू असलेल्या आणि सोडून दिलेल्या, रिकाम्या पट्ट्या, मेडिकलची बिलं, जुन्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, सगळं टेबलावर उलटं करायचं. मानसोपचाराच्या ओपीडीत झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या सोडवायचं काम असं मोजणीने सुरू होतं. "रोज किती घेता?" या प्रश्नाला "अर्धी, कधीतरी एखादी" हे उत्तर ठरलेलं. त्यात खोटेपणापेक्षा सवय जास्त असते. रोज होणारी गोष्ट माणूस मोजत नाही. म्हणून आम्ही महिन्याला किती पट्ट्या लागतात ते विचारतो. पंधरा गोळ्यांच्या आठ पट्ट्या म्हणजे १२०, म्हणजे दिवसाला चार. हा आकडा कागदावर आला की समोर बसलेल्या घरच्यांचे चेहरे बदलतात. अशा वेळी घरच्यांना गप्प बसवणं हेही आमचंच काम. दटावलं की पुढच्या भेटीत आकडा पुन्हा "अर्धी"वर येतो, आणि खोट्या आकड्यावर आखलेलं सगळं वेळापत्रक वाया जातं.

या पिशवीत नव्वद टक्के वेळा अल्प्राझोलाम हे घबराटीवरचं औषध असतंच, असं म्हणण्याचा मोह होतो. आम्ही टक्केवारी काढलेली नाही, पण ओळखीची पट्टी तीच. ०.२५, ०.५ किंवा १ मिलिग्रॅम. खरी मेख जोडगोळ्यांमध्ये असते. पोटाच्या मुरड्यावर म्हणून दिलेल्या गोळीत क्लिडिनियमसोबत ५ मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड असतं. उदासीवरच्या एस्सिटालोप्रामच्या "प्लस" गोळीत ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम असतं. धडधडीवरच्या काही गोळ्यांत प्रोप्रॅनोलॉलच्या जोडीला अल्प्राझोलाम असतं. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या, तिन्हींची नावं वेगळी, पण आतलं कुटुंब एकच: बेंझोडायझेपिन. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात; ते भिंगाने वाचून प्रत्येकातलं मिलिग्रॅम वेगळं काढायचं. जोडगोळी सोडायची वेळ आली की आधी तिचे घटक सुटे करून घ्यावे लागतात. नाही तर बेंझो कमी करायच्या नादात प्रोप्रॅनोलॉलही अचानक बंद होतं, आणि त्याची धडधड गोळी सुटल्याच्या नावावर खपते.

गोळ्या वाढतात कशा, हे समजून घेतल्याशिवाय त्या कमी करता येत नाहीत. मेंदूत गाबा नावाचं रसायन लगाम ओढण्याचं काम करतं. बेंझोडायझेपिन त्या लगामाला जोर देतं. रोज बाहेरून जोर मिळायला लागला की मेंदू स्वतःची पकड सैल करतो, आणि काही आठवड्यांत त्याच गोळीने तेवढी गुंगी येईनाशी होते. अल्प्राझोलामची आणखी एक खोड म्हणजे ते चटकन चढतं आणि चटकन उतरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ११ तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी ओसरत असते, आणि पहाटे पाचलाच छातीत धडधड, पोटात खड्डा, कारण नसताना भीती सुरू होते. माणसाला वाटतं आजार वाढला. प्रत्यक्षात ती दोन गोळ्यांमधली ओढ असते. मग सकाळची एक सुरू होते, नंतर दुपारची. कुणी नशा करायला बसलेलं नसतं. आजार समजून गोळी, आणि गोळीमुळे पुन्हा आजार, असं चक्र फिरतं.

यातला सगळ्यात मोठा धोका जास्त घेण्यात आहे असं लोक धरून चालतात. जास्त घेण्याचा धोका आहेच, विशेषतः दारू, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्याबरोबर, कारण तिथे श्वासच मंदावतो. पण रोज घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत आम्हाला जास्त धास्ती असते ती एका रात्रीत बंद करण्याची. मुलगा परदेशातून येतो, आईच्या उशीखालची पट्टी बघतो आणि कचऱ्यात टाकतो. अल्प्राझोलामच्या बाबतीत पहिल्या दोन-तीन दिवसांतच फिट येऊ शकते. घाम, हातांना कंप, उलट्या, आवाज सहन न होणं, भिंतीवर किडे दिसणं, जागा-वेळेचं भान सुटणं. दारू सोडताना होतो तोच हा प्रकार. तेलंगणात भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलाम आणि डायझेपाम मिसळत असत. २०१५ मध्ये कडक कारवाई होऊन ती ताडी एकदम बंद झाली, तेव्हा निजामाबाद भागात फिट, भास आणि बरळणं घेऊन रुग्णालयांत रांगा लागल्या होत्या. आपण काय पितोय हेही त्यातल्या अनेकांना माहीत नव्हतं. नांदेडची हद्द तिथून फार लांब नाही.

म्हणून पहिल्या भेटीचा पहिला सल्ला ऐकायला विचित्र वाटतो: आज काहीही कमी करू नका. जेवढी घेत होतात तेवढीच, पण ठरलेल्या वेळी, आणि वहीत लिहून. दोन आठवडे फक्त हेच. या काळात यकृताच्या तपासण्या होतात, दारूचं प्रमाण कळतं, पूर्वी कधी फिट आली होती का ते निघतं. ज्यांना आधी फिट येऊन गेलीय, जे सोबत रोज दारू घेतात, ज्यांचा डोस खूप मोठा आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत, त्यांचं घरून करायचं नाही. त्यांना दाखल करूनच. याला आम्ही अपवाद करत नाही.

मग येतो बदलाचा टप्पा. चटकन उतरणाऱ्या गोळीच्या जागी सावकाश उतरणारी आणायची, बहुधा डायझेपाम. डायझेपाम आणि शरीरात त्यापासून तयार होणारा पदार्थ मिळून कित्येक दिवस रेंगाळतात, त्यामुळे पहाटेची ती ओढ बोथट होते. किती द्यायचं, इथे एका गोळीच्या बदल्यात दुसरी किती हे सांगणाऱ्या तक्त्यांचं एकमत नाही. न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं केवळ याच कामासाठी क्लिनिक चालवलं. त्यांच्या हिशोबात ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे १० मिलिग्रॅम डायझेपाम. दुसऱ्या काही तक्त्यांत ते ५ इतकं खाली येतं. उदाहरणादाखल, ०.५ च्या तीन गोळ्या, म्हणजे दिवसाला १.५ मिलिग्रॅम घेणारी पन्नाशीची, यकृत धड असलेली व्यक्ती धरा. डायझेपाम १५ पासून ३० पर्यंत कुठेही बसू शकतं. आम्ही खालच्या टोकापासून सुरुवात करतो आणि एका वेळी एकच गोळी बदलतो: आधी रात्रीची, आठवड्याने दुपारची, शेवटी सकाळची. समजा २० वर गाडी स्थिरावली.

इथे हमखास होणारी चूक सांगायलाच हवी. डायझेपाम शरीरात साठायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात "ही गोळी लागतच नाही" अशी तक्रार येते, आणि कुणीतरी डोस वाढवून देतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आधीचं साठलेलं आणि वाढवलेलं एकत्र चढतं. माणूस दिवसा पेंगतो, न्हाणीघरात घसरतो, स्कूटरवरून पडतो. म्हणून बदलाच्या महिन्यात गाडी बंद, आणि पहिल्या आठवड्यातली तक्रार ऐकून घ्यायची, पण तिच्यावरून आकडा हलवायचा नाही. फार वयस्कर माणसांत आणि यकृत बिघडलेल्यांत तर डायझेपाम नकोच. त्यांना लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम बरं पडतं, कारण ते शरीराबाहेर टाकायला यकृताला कमी खटपट करावी लागते. नाही तर आहे तीच गोळी थेट कमी करत न्यायची.

आता उतरणं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्यसनवैद्यक संघटनेने इतर संस्थांबरोबर काढलेल्या सूचना सांगतात की दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर सहसा जाऊ नका. टक्के कशाचे, तर मूळ डोसाचे नव्हेत, आज जो चालू आहे त्याचे. सगळी गंमत, किंवा सगळा त्रास, या एका शब्दात आहे. २० वरून २ मिलिग्रॅम कमी केले तर दहा टक्के होतात. तेच २ मिलिग्रॅम ६ वरून कमी केले तर तेहतीस टक्के. कागदावर पायऱ्या सारख्या दिसतात, पण खाली उतरावं तशी प्रत्येक पायरी उंच होत जाते. म्हणून २० ते १० पर्यंत दर पंधरवड्याला २ मिलिग्रॅम, म्हणजे दहा आठवडे. १० ते ४ दर पंधरवड्याला १, म्हणजे बारा आठवडे. ४ पासून शून्यापर्यंत अर्धा-अर्धा मिलिग्रॅम, आणखी सोळा आठवडे. एकूण अडतीस. "डॉक्टर, नऊ महिने?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. चार वर्षं घेतलेली गोळी नऊ महिन्यांत सुटणार असेल तर सौदा वाईट नाही, असं आमचं मत. पण ते बोलून दाखवलं की फारसं पटत नाही, वेळापत्रक छापून हातात दिलं की पटतं.

अल्प्राझोलामवरूनच थेट उतरायचं म्हटलं तर अडचण कुठे येते हेही याच गणितात दिसतं. सगळ्यात छोटी गोळी ०.२५, तिचे दोन भाग केले की ०.१२५. दीड मिलिग्रॅमवर असताना हा तुकडा आठ टक्के असतो, ०.५ वर आल्यावर पंचवीस, आणि ०.२५ वर निम्मा. याउलट डायझेपामची २ मिलिग्रॅमची गोळी मिळते. अर्धी केली तर १, पाव केली तर ०.५. ॲश्टनच्या हिशोबाने १ मिलिग्रॅम डायझेपाम म्हणजे अल्प्राझोलामचा जेमतेम ०.०५. एवढा बारीक तुकडा अल्प्राझोलामच्या गोळीचा हाताने पाडणं कुणालाही जमणार नाही.

तुकडे पाडण्यावर आम्ही दहा मिनिटं खर्च करतो आणि ती सत्कारणी लागतात. मेडिकलमध्ये गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी मिळते. स्वयंपाकघरातल्या सुरीने गोळी उडते, चुरा होतो आणि मोठा तुकडा आज, छोटा उद्या असा डोस झुलत राहतो. मध्ये रेघ असलेलीच गोळी कापायची. "एसआर" किंवा "ईआर" लिहिलेली, सावकाश सुटणारी गोळी कधीही कापायची नाही. ती तोडली की तिचं सावकाशपण मोडतं आणि सगळं एकदम सुटतं. आठवड्याचे तुकडे एकदम पाडून ठेवले तर ओलाव्याने भुगा होतो, पावसाळ्यात कोकणात तर हमखास; दोन दिवसांपुरतेच कापा. इंटरनेटवर गोळी पाण्यात विरघळवून सिरिंजने मोजून घ्यायची युक्ती फिरते. या गोळ्या पाण्यात विरघळतच नाहीत. भुकटी तळाला बसते, वरचं पाणी घेतलं तर डोस जवळपास शून्य, तळाचं घेतलं तर दुप्पट.

दुसरी लाडकी युक्ती म्हणजे "एक दिवसाआड". आज गोळी, उद्या नाही, म्हणजे निम्मी झाली की! स्टेरॉइड कमी करताना किंवा एखादं व्हिटॅमिन घेताना ऐकलेलं असतं. अल्प्राझोलाममध्ये याचा अर्थ दर एका दिवसाआड मेंदूला पूर्ण ओढ लावणं, आणि दुसऱ्या दिवशी गोळी देऊन "बघ, हिच्यावाचून चालत नाही" हे शिकवणं. रोजचा डोस रोज आणि त्याच वेळी. कमी करायचं ते फक्त आकारात.

प्रत्येक कपातीनंतर काय होणार हे आधी सांगून ठेवलं तर निम्मी घबराट टळते. डायझेपामवर त्रास लगेच येत नाही. तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने झोप तुटायला लागते, कानात आवाज खुपतात, तोंडाला धातूची चव येते, हातापायाला मुंग्या, पापणी फडफडणं, आपण काचेमागून जग बघतोय असं वाटणं. यातली बरीच लक्षणं मूळ आजारात कधीच नव्हती, ही पहिली खूण. दुसरी खूण वहीत दिसते: त्रास चढतो, आठ-दहा दिवसांत उतरतो. मूळ घबराटीचा आजार परत आला असेल तर तो उतरत नाही, हळूहळू वाढत जातो, आणि मग त्याचे वेगळे उपचार लागतात, त्यात समुपदेशन आणि सवय न लावणारी औषधं आली. त्रास फार वाटला तर नियम एवढाच की आहे त्या पायरीवर आणखी दोन आठवडे थांबा. वर चढू नका. वर-खाली होण्यानेच ओढ जास्त तापदायक होते. मात्र फिट, भास, बरळणं किंवा जीव देण्याचा विचार, यांतलं काहीही झालं तर वेळापत्रक बाजूला ठेवून थेट आकस्मिक विभाग. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

काही वेळा सगळं नीट चाललेलं असताना मधूनच गाडी रुळावरून घसरते आणि कारण सापडत नाही. तेव्हा आम्ही पुन्हा पिशवी मागतो. गजकर्णासाठी कुणी इट्राकोनॅझोल सुरू केलेलं असतं, किंवा पोटातल्या जंतूंसाठी क्लॅरिथ्रोमायसिन. अल्प्राझोलाम यकृतातल्या ज्या वाटेने फुटतं तीच वाट ही औषधं अडवतात. रक्तातलं प्रमाण वाढतं, माणूस जड जिभेने बोलायला लागतो, झोकांड्या खातो. याच्या उलट टीबीचं रिफॅम्पिसिन. ते ती वाट इतकी रुंद करतं की गोळी तेवढीच घेऊनही शरीराला पुरत नाही. टीबीचे उपचार सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे झाले आणि रुग्ण थरथरायला लागला, तर ते टीबीच्या औषधाचं दुष्परिणाम म्हणून सोडून देण्याआधी उशीखाली काय आहे ते विचारावं. फिटसाठीच्या कार्बामाझेपिननेही हेच होतं.

झोपेचं काय, हा प्रश्न रोज येतो. गोळी सुटताना झोप सगळ्यात आधी रुसते आणि सगळ्यात शेवटी परत येते. तिच्या जागी झोलपिडेम ही झोपेची दुसरी गोळी देणं हे सवतीच्या जागी सवत आणणं. तीही मेंदूतल्या त्याच कुलपाला लागणारी चावी आहे. आम्ही झोपेची वही भरून घेतो. दोन आठवड्यांत सरासरी साडेपाच तास झोप लागत असेल तर अंथरुणात साडेपाच-सहा तासच. रात्री बाराला आडवं व्हायचं, सकाळी सहाला उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. दुपारची वामकुक्षी बंद, आणि इथेच सर्वात जास्त भांडण होतं. चार वाजल्यानंतर चहा नाही. मिश्री मात्र कुणी सांगत नाही; खोदून विचारावं लागतं. रात्री मिश्री लावून झोपणाऱ्या बायकांना आपण झोपायच्या तोंडावर निकोटिन घेतोय हे ठाऊक नसतं, आणि निकोटिन जागं ठेवतं.

औषध कुणाच्या हातात असावं हा नाजूक भाग. सुरुवातीचे काही महिने एका वेळी एकाच आठवड्याच्या गोळ्या, एकाच डॉक्टरची चिठ्ठी, एकच दुकान. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम, ट्रॅमाडॉल ही औषधं एच-वन यादीत आहेत: दुकानदाराने डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. ही वही भरणारा फार्मासिस्ट आमचा अर्धा दवाखाना असतो. झेरॉक्सवर गोळी मागायला कुणी आलं तर पहिल्यांदा त्यालाच कळतं. मालेगावात नशेच्या बाजारात ज्याला "कुत्ता गोळी" म्हणतात ती म्हणजे हीच अल्प्राझोलाम, हे ऐकल्यावर कधीकधी घरातल्या आजी दचकतात. औषध तेच, चिठ्ठी वेगळी.

कॅनडात क्यूबेकमधल्या ३० औषधदुकानांतून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्हाला फार धीर देतो. वयस्कर माणसांना या गोळ्यांचे धोके आणि एकवीस आठवड्यांचं कमी करायचं वेळापत्रक एका पुस्तिकेतून दिलं. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली, पुस्तिका न मिळालेल्यांत फक्त ५ टक्के. भिंतीवर लावता येईल असं, रोज एक चौकोन खोडायचं वेळापत्रक आम्ही देतो ते त्यामुळेच.

शेवटचा मिलिग्रॅम हा वेगळाच प्रकार. १ वरून ०.५, ०.५ वरून शून्य. टक्केवारीचे नियम इथे लागूच होत नाहीत. डायझेपाम स्वतःच सावकाश उतरत असल्याने शरीर ही उडी सहसा झेलतं, मन अडतं. पाव गोळी इतकी छोटी असते की तिचा औषधी परिणाम नगण्य, पण ती उशाशी असणं हाच आता परिणाम असतो. काहीजण या पायरीवर दोन महिने बसतात. बसू दिलं तर बिघडत नाही, फक्त ती पाव कधी अर्धी होत नाही ना यावर लक्ष हवं.

शून्याच्या दिवसानंतर एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतो. पुढे कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा सगळा इतिहास सांगायचा, हे कार्डावर लिहून देतो. आणि उरलेल्या गोळ्या. त्या वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कुस्करून, पिशवी बांधून टाकायच्या. फक्त कपाटातल्या नाहीत: प्रवासाच्या बॅगेचा खण, देव्हाऱ्यामागचा डबा, पर्सचं अस्तर आणि चष्म्याचं घर. चष्म्याच्या घरात एक अर्धी बहुतेक वेळा सापडतेच.